सर्दी झालेला वकील

आमच्या घरात रंगाला बरीच नावं होती. आई गोरी, दादा निमगोरे, थोरला भाऊ उजळ, आणि मी. माझ्यासाठी घरात 'गव्हाळ' हा शब्द ठरलेला होता. बुंदेलखंडात गहू भरपूर पिकतो, मोठ गावच्या मंडीत त्याचे डोंगर लागतात, पण माझ्या रंगाचा गहू मी तरी तिथे कधी पाहिला नाही. बाहेरच्या माणसांना शब्द शोधायचे इतके कष्ट घ्यावेसे वाटत नसत. बड्या बाजारातला कापडवाला थान उलगडता उलगडता माझ्याकडे बघून म्हणे, "बिटिया पर ये रंग नहीं खिलेगा," आणि आई ते थान मुकाट्यानं बाजूला सारे.

आम्ही झाशीतले जुने मराठी. आमचे पूर्वज इकडे तलवार घेऊन आले की पोथी घेऊन, यावर आमच्या नात्यात दोन मतं होती. लग्नाच्या बोलण्यात समोरचं घर कसं आहे ते पाहून आम्ही त्यातलं एक निवडत असू. घरात मराठी, दारात बुंदेली आणि दुकानात हिंदी, अशी आमची व्यवस्था होती. भांडण कुठल्या भाषेत करायचं, ते भांडण कोणाशी आहे त्यावर ठरे. सून मात्र गोरी हवी, हे आम्ही तिन्ही भाषांत म्हणत असू.

दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होते. रेल्वे कॉलनीत साहेबांचं इन्स्टिट्यूट होतं: बिलियर्डचं टेबल, नाचायला लाकडी फरशी, आणि एका खोलीत इंग्रजी पुस्तकं. गोऱ्यांच्या राज्यात तिथे फक्त गोरे साहेब आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची कुटुंबं जात. दादांना तेव्हा फाइल घेऊन मागच्या दारापर्यंत जायची मुभा होती. स्वातंत्र्यानंतर ते इन्स्टिट्यूट सगळ्यांना खुलं झालं आणि दादांनी पहिल्या झटक्यात लायब्ररीचं कार्ड काढलं. त्यांना वाचनाची आवड होती असं नाही. त्यांना त्या लाकडी फरशीवरून बूट वाजवत चालायची आवड होती. दर शनिवारी ते बुटांना पॉलिश करून जात, फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत, आणि निघताना हाताला लागेल ते पुस्तक माझ्यासाठी उचलून आणत. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते आणि लग्न ठरेपर्यंत घरात बसून होते. अशा रीतीनं शेतीची खतं, एका नौदल अधिकाऱ्याचं आत्मचरित्र आणि कुत्र्यांचे आजार एवढं साहित्य माझ्या वाट्याला येऊन गेल्यावर एकदा ती कादंबरी आली.

कादंबरी अमेरिकेतली होती. बर्फ पडणाऱ्या मुलखातलं एक लहान गाव, सगळी वस्ती गोऱ्यांची. तिथल्या शाळेला मास्तरीण हवी असते. दूरच्या शहरातला एक म्हातारा पाद्री एका बाईची शिफारस करतो: हुशार आहे, शिस्तीची आहे, गाते छान, पोरांना मारत नाही. गाव खूश होऊन होकार देतं. बाई गाडीतून उतरते आणि गावाला दिसतं की ती काळी आहे. पाद्र्यानं सगळं सांगितलं होतं, तेवढं एक सांगितलं नव्हतं. मुद्दाम की विसरून, हे लेखकानंही शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.

पुढची सगळी कादंबरी म्हणजे गावाची पंचाईत. तिला काढायचं तर कारण द्यायला हवं, आणि गाव स्वतःला फार सज्जन समजत असल्यामुळे ते कारण तोंडातून काढायला कोणी तयार नाही. मग तिच्या खोलीचं छप्पर गळतं ते दुरुस्त होत नाही. शाळेचं सरपण वेळेवर येत नाही. पोरं एकेक करून आजारी पडतात आणि बरी होत नाहीत. एक तरुण वकील तिला येऊन म्हणतो, गावाच्या सभेत मी तुमच्या बाजूनं बोलेन. सभेच्या दिवशी त्याला सर्दी होते आणि तो येत नाही. लेखकानं त्याच्यावर दोन पानंसुद्धा खर्च केलेली नाहीत. बाई रोज सकाळी शाळा उघडते, शेगडी पेटवते, रिकाम्या बाकांकडे बघत बसते. शेवटी पोरं परत येऊ लागतात. गावाचं मन पालटलं म्हणून नव्हे, तर हिवाळाभर घरात कोंडलेली पोरं आयांना असह्य झाली म्हणून. कादंबरी संपते तेव्हा छप्पर गळतच असतं.

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण दुपारी मटार सोलताना तिला कानाला काहीतरी लागे. रेडिओ बिघडलेला होता, म्हणून मी तिला ती कादंबरी रोज थोडी थोडी सांगू लागले. पहिल्या दिवशी ती सरळ गावाच्या बाजूची होती. तिचं म्हणणं, आधी सांगायला नको? पाद्र्याबद्दल ती म्हणाली, मध्यस्थ असेच असतात. मग तिनं विचारलं, "किती काळी होती?"

"तसं लिहिलेलं नाही."

"म्हणजे तुझ्याएवढी?"

मी तिला समजावलं की त्यांच्याकडे जरा काळी, फार काळी असं नसतं. एखादी बाई दिसायला गोरी असली आणि पणजी काळी निघाली, तरी ती काळीच.

आईनं आणखी दोन शेंगा सोलल्या. "मग बरंय त्यांचं," ती म्हणाली. "एकदाच काय ते. इथे तर दर पाहुण्याला नव्यानं दाखवायचं."

पुढे पुढे ती बाईच्या बाजूला सरकत गेली. छपराच्या प्रकरणात तिला गावाचा राग आला, कारण आमचं स्वयंपाकघरही गळत असे आणि दादा दर वर्षी दिवाळीनंतर बघू म्हणत. वकिलाला सर्दी झाल्याचं सांगितलं तेव्हा तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, सर्दी काय पायाला होते? शेवट ऐकून मात्र ती इतकी हसली की मटार सांडले. ती म्हणाली, हे अगदी खरं लिहिलंय. मे महिन्यात तुम्ही दोघं घरात असलात की मी तुम्हाला राक्षसाच्या शाळेतसुद्धा घातलं असतं.

त्याच सुमारास माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगा इटारसीला रेल्वेच्या सिग्नल खात्यात इन्स्पेक्टर, घरचा मराठी, पत्रिका जुळलेली. त्यांनी फोटो मागितला. आई मला सीपरी बाजारातल्या एका स्टुडिओत घेऊन गेली. फोटोवाल्यानं माझ्या तोंडावर दोन दिवे सोडले, आईकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि धीर दिला, "चिंता नईं करो बाईसाब, रिटच में सब ठीक हो जैहै."

ते ठीक झालं. निगेटिव्हवर त्यानं कुठे आणि कशी पेन्सिल फिरवली देव जाणे, पण आठवड्यानं फोटो हातात आला तेव्हा त्यात एक गोरी मुलगी माझी साडी नेसून बसली होती. नाक माझंच होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. भाऊ म्हणाला, हिचं लग्न ठरलं तर आपण हिला आणायची कुठून? आईनं त्याला बाहेर घालवलं. मी तिला आठवण करून दिली की कादंबरीतल्या पाद्र्यानं नेमकं हेच केलं होतं. ती म्हणाली, पाद्र्यानं काही सांगितलं नाही. आपण फोटो देतोय. फोटो इटारसीला गेला आणि पसंत पडला.

ती मंडळी जानेवारीत आली. मुलगा आणि त्याची आई, दोघंच, एका रात्रीच्या मुक्कामाला. आदल्या आठवड्यात डाळीचं पीठ, हळद आणि साय यांचे माझ्यावर इतके थर चढले होते की त्यात एका वेळचा झुणका झाला असता. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पर्समधून फोटो काढून पाहिला, मग खिडकीकडे पाहिलं, जणू चूक उन्हाची होती. शेवटी त्या म्हणाल्या, इथे उजेड जरा कमी आहे का? दादा मदतीला तत्पर. त्यांनी उठून दिवा लावला. त्यानं प्रकरण आणखीच स्पष्ट झालं.

मुलगा मात्र बरा होता. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं ऐकून तो कोणी मवाली वाटेल. उंच होता, इस्त्रीचा सदरा, हळू आवाजात बोले, आणि पोहे खाताना त्यानं बशीत एकही शेंगदाणा मागे ठेवला नाही. त्यानं मला काय शिकलात विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. असं करणारा तो पहिलाच. त्याच्या आधीच्या दोन पाहुण्यांनी माझं उत्तर यायच्या आत दादांना रेल्वेच्या पासचे नियम विचारले होते. मला तो आवडला. दिव्याखाली उभी राहून मी मनात इटारसीचं घरसुद्धा लावायला घेतलं होतं.

त्याची आई फारशी बोलेना, म्हणून तोच बोलत राहिला. उद्या रविवार, सकाळी सदर बाजारच्या टॉकीजला इंग्रजी पिक्चर असतो ना, असं त्यानं विचारलं. त्यानं येताना तांग्यातून पोस्टर पाहिलं होतं: कोणी काळी मास्तरीण असते म्हणे, आणि बर्फाचं गाव. मी हातातली बशी ठेवून बोलले, "ते पुस्तकावरून आहे. मी वाचलंय."

न विचारता मी बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं. मुलगा खूश झाला आणि म्हणाला, मग आपण बघूच. त्याच्या आईचे गुडघे लगेच दुखू लागले. तेव्हा बरोबर कोण जाणार, हा प्रश्न आला. आई म्हणाली, मी येते, मला गोष्ट माहीत आहे.

छावणीतल्या त्या टॉकीजला रविवारी सकाळी निम्मे फौजी आणि निम्मी रेल्वे कॉलनी असे. अँग्लो-इंडियन बायका टोप्या घालून येत आणि त्यांच्यामागे बसणाऱ्याला पडद्याचा वरचा भाग दिसत नसे. आम्ही तिघं एका ओळीत बसलो: मुलगा, मध्ये आई, पलीकडे मी. मध्ये बसायचं आईचं आधीच ठरलेलं होतं. मुलगा फार सभ्यपणे तिच्याकडे वाकून म्हणाला, "काकूजी, मी तुम्हाला मराठीत सांगत जाईन." आई म्हणाली, सांगा हो.

पिक्चर सुरू झाला. गाडी आली, बर्फ पडत होता, आणि डब्यातून ती बाई उतरली. मग आई बोलली. तिच्या मते ती कुजबुजली.

"ही तर गोरी आहे. हिला रंगवलंय."

खरंच रंगवलं होतं. कोणी तरी नामांकित गोरी नटी होती आणि तिला कपाळापासून गळ्यापर्यंत तपकिरी रंग फासलेला होता. रंग लावणाऱ्याचा हात कानांपाशी आखडला होता. एका प्रसंगात ती कॉफीच्या रंगाची, पुढच्या प्रसंगात चहाच्या, आणि रडायची वेळ आली तेव्हा दूध जास्त झालेल्या चहाच्या. मागच्या रांगेतल्या फौजींनी होळीचा काहीतरी विनोद केला. मुलगा आईला म्हणाला, काकूजी, अभिनय बघायचा. आई म्हणाली, बघते आहे, पण अमेरिकेत काळ्या बायका संपल्या का?

मी अंधारात आईकडे पाहिलं. सीपरी बाजारच्या फोटोवाल्याला दिवे नीट सोडायला लावणारी हीच बाई, आणि आता ती रंगाच्या फसवणुकीवर संतापलेली होती. तिला यात काही विसंगत वाटत नव्हतं.

पण खरा घोटाळा वकिलानं केला. पुस्तकात दोन पानांत आटपलेला हा माणूस पडद्यावर गाडी आल्यावर दुसऱ्याच मिनिटाला हजर झाला, बाईची बॅग उचलायला. मग तो जिकडेतिकडे दिसू लागला. छप्पर गळलं की हा शिडी घेऊन हजर. सरपण संपलं की हा कुऱ्हाड घेऊन हजर. कुऱ्हाड चालवताना सदरा काढून. बाई रिकाम्या वर्गात बसते तो प्रसंग, ज्यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे, तो एका श्वासात संपला, कारण वकिलाला आपल्या म्हाताऱ्या आईशी भांडायचं होतं.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "हा सर्दीवाला ना?"

"हो."

"मग ह्याला सर्दी कधी होणार?"

मुलानं वाकून विचारलं, कसली सर्दी? आईनं त्याला पुस्तकातली हकिकत सांगायला सुरुवात केली. पुढे बसलेल्या टोपीवाल्या बाईनं मान वळवून "प्लीज" म्हटलं. आई तिला हिंदीत म्हणाली, बहनजी, आप टोपी उतारो, हम चुप हो जाएँगे. बाईनं टोपी काढली. आई दिलेल्या शब्दाला जागून गप्प बसली, पण सभेचा प्रसंग येईपर्यंतच.

सभा भरली. वकिलाला सर्दी झाली नाही. तो उभा राहिला आणि बोलू लागला. किती वेळ बोलला ते मला सांगता येणार नाही, पण तेवढ्यात एक फौजी बाहेर जाऊन विडी ओढून परत आला. माणुसकी, देव, आपली मुलं, उद्याचा दिवस, सगळं झालं. गावातले लोक रडले. ती बाई सभेत नव्हतीच. ती बाहेर बर्फात उभी राहून खिडकीच्या काचेतून आत बघत होती, डोळ्यांत पाणी आणि हात जोडल्यासारखे छातीशी. मग छपरावर सगळं गाव चढलं, छप्पर झालं, पोरांनी गाणं म्हटलं आणि दिवे लागले.

रेल्वे कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. टोपीवाली बाई नाक पुसत होती. मी मुलाकडे पाहिलं, तर त्याचेही डोळे भरलेले. खोटं कशाला सांगू, मला ते बरं वाटलं. पिक्चर वाईट आहे म्हणून त्यात रडणारा माणूस वाईट, असं थोडंच असतं. इतकं सहज रडू येणारा नवरा मिळाला तर घरात निदान माणूस असल्यासारखं वाटेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

आई मात्र उठता उठता मोठ्यानं म्हणाली, "बाईला काही कामच दिलं नाही."

बाहेर ऊन पडलं होतं. आईला अचानक साबण घ्यायचा होता. ती समोरच्या दुकानात शिरली आणि आम्हा दोघांकडे पाठ करून एकेक वडी हुंगत बसली. तिनं आम्हाला मोकळीक दिली होती आणि तिचा एक कान आमच्याकडे होता.

मुलगा हातरुमालाची घडी घालत उभा राहिला. मग म्हणाला, एक मनमोकळं सांगू का? मी हो म्हटलं. त्यानं सांगितलं ते असं. फोटो पाहून त्याच्या घरी सगळे फार खूश होते. काल मी बाहेर आले तेव्हा त्यांना धक्का बसला. त्यालाही बसला, तो नाकारत नव्हता. रात्री त्याची आई म्हणाली, सकाळच्या गाडीनं परत जाऊ. तोही जवळजवळ तयार झाला होता. पण पिक्चर बघताना त्याला स्वतःची लाज वाटली.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "मी आईशी बोलेन. तिचा विरोध होईल, नातेवाईक बोलतील, पण मी मागे हटणार नाही. मला रंगाचं काही नाही."

हे बोलताना तो थोडा ताठ उभा राहिला होता आणि त्याची नजर माझ्या डोक्यावरून कुठेतरी लांब, तोफखान्याच्या दिशेला लागली होती. हुबेहूब तसाच चेहरा मी पाच मिनिटांपूर्वी पडद्यावर पाहिला होता. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण मला पुढचं दिसलं. त्याच्या आईशी तो बोलेल, छान बोलेल. आणि मी इटारसीच्या त्या घरात काचेपलीकडे उभी राहून छातीशी हात धरून ऐकेन. पुढे कधी भाजी खारट झाली, कधी मी उलट बोलले, तर तो काही म्हणणार नाही. फक्त असाच लांब बघेल.

मी म्हणाले, "पुस्तकात तो वकील सभेला आलाच नव्हता."

"म्हणजे?"

"त्याला सर्दी झाली होती."

त्याला कळेना की ही थट्टा आहे की नकार. मग मी नीट सांगितलं. तुम्ही मला पसंत आहात, मी म्हणाले, काल पोहे खाल्लेत तेव्हापासून. पण तुम्हाला मी पसंत नाही. तुम्हाला मला पसंत करणारे तुम्ही पसंत आहात. हे वाक्य मी आजही तितकं नीट बोलू शकणार नाही. तेव्हा कसं जमलं माहीत नाही. तो लाल झाला. त्यानं विचारलं, यात वाईट काय केलं मी? मी म्हटलं, वाईट काहीच नाही. तो म्हणाला, एवढ्यावरून कोणी स्थळ नाकारतं का? आणि मला कबूल करावं लागलं की मलाही तसंच वाटत होतं, पण उत्तर तेच.

घरी आल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं. मला वाटलं आता ताटं आपटणार. बी. ए. झालेली, गव्हाळ, आणि इन्स्पेक्टरला नाही म्हणते. पण तिनं फक्त एवढंच विचारलं की तो नेमक्या कुठल्या शब्दांत बोलला. साबणवाल्याच्या दुकानात लोकांनी गलका केल्यामुळे तिला अर्धंच ऐकू आलं होतं. मी सगळं सांगितलं.

"रंगाचं काही नाही, असं म्हणाला?"

"हो."

ती चुलीपाशी बसली. तिच्या गोऱ्या हातांवर साबणाचा वास होता. माझ्या रंगाबद्दल तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं, तिला जन्मभर काय काय ऐकवलं होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा थोडं कळलं. ती म्हणाली, मी पदरात काळी मुलगी टाकली म्हणून तुझे वडील मला कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि आपण बोललो नाही हे त्यांनी प्रत्येक भांडणात सांगितलं.

मग ती म्हणाली, "सर्दीवाला परवडतो गं. तो निदान घरी बसतो. हा भाषणवाला आहे. तो रोज भाषण करील."

बाहेर जाऊन तिनं मुलाच्या आईला हात जोडून सांगितलं की काल पत्रिका पुन्हा एका जाणत्या माणसाला दाखवली आणि ती जुळत नाही. मुलाच्या आईचा चेहरा इतका उजळला की दिव्याची गरज भासली नाही. दादा म्हणाले, अगं पण पत्रिका तर… आणि आईनं त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते बूट घालून इन्स्टिट्यूटला निघून गेले. जाताना मुलानं मला नमस्कार केला. तो दुखावला होता आणि त्यालाच ते नीट उमगत नव्हतं. मला त्या दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी मी मागच्या अंगणात बराच वेळ रडले. नाही म्हटल्याचं दुःख नव्हतं. पण इटारसीची गाडी माझ्याशिवाय निघून गेली होती, आणि तिथलं घर मी मनातल्या मनात चांगलं सजवलं होतं.

यावरून आई सुधारली असं कोणी समजू नये. पुढच्या स्थळाला तिनं तोच फोटो पाठवला. त्याच्या पुढच्यालाही. डाळीचं पीठही थांबलं नाही. मी मात्र घरात बसायचं थांबवलं आणि चिरगाँवच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी धरली. रोज बसनं जाऊन येत असे. तिथे माझ्या रंगाबद्दल कोणी काही म्हणालं नाही, कारण तिथल्या मुख्याध्यापिकेला बी. ए. झालेली बाई मिळत नव्हती आणि तिनं मला रंग बघायच्या आत वर्गावर पाठवलं.

काही वर्षांनी माझं लग्न झालं. नवरा ग्वाल्हेरचा, तारखात्यातला. पहिल्या भेटीत त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मग स्वतःहून सांगितलं की त्याला काळ्या मुलीची सवय नाही, पण त्याला कुठल्याच मुलीची सवय नाही. आईला हे उत्तर फार उद्धट वाटलं. मला ते चाललं.

एकदा आम्ही नागपूरहून परत येत होतो. इटारसीला गाडी बराच वेळ थांबते. मी खिडकीशी चहा घेत होते आणि फलाटावर तो दिसला, अंगानं भरलेला, बरोबर बायको आणि दोन मुलं. त्यानंही मला ओळखलं. खिडकीशी येऊन त्यानं चौकशी केली, बायकोची ओळख करून दिली. गोरीपान होती आणि मला आवडली. मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला की नंतर त्यानं ते पुस्तक मिळवून वाचलं. मुद्दाम नागपूरहून मागवलं होतं.

मी विचारलं, कसं वाटलं?

त्यानं खरोखर विचार केला. "प्रामाणिकपणे सांगू का," तो म्हणाला, "पिक्चर जास्त चांगला होता. पुस्तकात शेवटी छप्परसुद्धा दुरुस्त होत नाही."

मी हसले, तोही हसला, आणि मला वाटतं तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. शिट्टी झाली. तो गाडीबरोबर दोन पावलं चालला आणि थांबला.

गाडीनं वेग घेतल्यावर नवऱ्यानं विचारलं, कोण होता? मी सगळं सांगितलं, अगदी साबणाच्या दुकानासकट. त्यानं विचारलं, मग चांगलं कुठलं, पुस्तक की पिक्चर? मी पाय वर घेऊन नीट बसले आणि मुळापासून समजवायला सुरुवात केली: पाद्री, गाव, सरपण, शेगडी, रिकामे बाक. तो अधूनमधून हं म्हणत होता. होशंगाबाद गेलं, नर्मदेचा पूल खडखडू लागला, आणि मी वकिलापर्यंत पोचले तोवर तो तोंड उघडं टाकून झोपला होता.